मौनाचें मोल : दोन चित्रपटांचें परीक्षण

ऐतिहासिक चित्रपट वडीलधाऱ्या मंडळींनीं पाहावा आणि प्रेमकथेचा विनोदी चित्रपट तरुणांनीं, अशी वांटणी बहुतेक घरांतून न सांगतां झालेली असते. पहिल्यांत ज्ञान आहे आणि दुसऱ्यांत केवळ करमणूक, ही त्यामागची समजूत. या महिन्यासाठीं आम्हीं दोन्ही प्रकारांतील एकेक चित्रपट निवडला आहे, आणि ते दोन्ही एकाच घरांत, आजोबांपासून नातींपर्यंत सर्वांनीं एकत्र बसून पाहावे अशी आमची शिफारस आहे. पहिला 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स', सन १९६६ चा. दुसरा 'रोमन हॉलिडे', सन १९५३ चा. दोन्ही इंग्रजी आणि दोन्ही जुने; परंतु असे चित्रपट आतां घरबसल्या पाहण्याची सोय झाली आहे, तेव्हां जुना म्हणून पाहावयाचा राहिला ही सबब फारशी टिकण्यासारखी नाहीं.

एकांत सोळाव्या शतकांतील एका इंग्रज न्यायपंडिताच्या शिरच्छेदाची कथा आहे. दुसऱ्यांत एका राजकन्येच्या एका दिवसाच्या भटकंतीची. एकाच्या शेवटीं शिर उतरतें, दुसऱ्याच्या शेवटीं नुसतें हस्तांदोलन होतें. तरी दोहोंच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे. बोलण्यांत लाभ दिसत असतांना मनुष्य गप्प कां राहतो, आणि त्याच्या गप्प राहण्याची किंमत कोण देतो?

राजाचा हट्ट आणि मोरचें मौन

इतिहास थोडक्यांत असा. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची राणी कॅथरिन ही त्याच्या मृत वडील भावाची विधवा. पोपच्या खास परवानगीनें हा विवाह झालेला होता. राणीचा पुत्र जगला नाहीं. हेन्रीचें मन ॲन बोलीन या तरुणीवर बसलें. आणि पहिला विवाह मुळांतच अवैध होता असें पोपनें जाहीर करावें असा आग्रह त्यानें धरला. पोप बधेना, तेव्हां त्याचें वर्चस्व झुगारून इंग्लंडमधील धर्मसंस्थेचा प्रमुख राजाच, असें ठरविण्यांत आलें. सर टॉमस मोर हा १५२९ पासून १५३२ पर्यंत त्या राज्याचा लॉर्ड चॅन्सेलर होता. 'युटोपिया' (१५१६) या ग्रंथाचा कर्ता म्हणून त्याचें नांव सर्व युरोपांत आदरानें घेतलें जाई. त्यानें अधिकारपद सोडलें, पण राजाच्या नव्या विवाहाविरुद्ध जाहीरपणें एक शब्दहि काढला नाहीं. १५३४ सालीं नव्या राणीच्या संततीस वारस मानण्याची शपथ प्रजाजनांस घालण्यांत आली. मोरनें ती घेतली नाहीं, आणि कां घेत नाहीं हेंहि सांगितलें नाहीं. वर्षाहून अधिक काळ तो लंडनच्या टॉवरमध्यें बंदींत होता. ६ जुलै १५३५ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला.

या इतिहासावर रॉबर्ट बोल्ट या इंग्रज नाटककारानें १९६० सालीं लंडनच्या रंगभूमीवर नाटक आणलें, आणि पुढें त्यानेंच त्याची चित्रकथा लिहिली. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन. मोरची भूमिका पॉल स्कोफील्ड या नटानें लंडन व न्यूयॉर्क येथील रंगभूमीवर गाजविली होती. तीच पडद्यावरहि त्याच्याकडे आली. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, प्रमुख नट, पटकथा, छायालेखन आणि वेषभूषा अशीं सहा ऑस्कर पारितोषिकें या चित्रपटास मिळालीं. पारितोषिकांवरून चित्रपटाची योग्यता ठरवावी अशा मताचे आम्ही नाहीं. पण या खेपेस परीक्षकांचें आणि आमचें जमलें, एवढेंच नमूद करितों.

मोर मोठा धीरोदात्त नायक आहे आणि मरणाला हंसत सामोरा जातो, अशी जर कोणाची कल्पना असेल तर ती पहिल्या अर्ध्या तासांतच नाहींशी होते. हा मनुष्य मरावयास मुळींच उत्सुक नाहीं. तो वकील आहे आणि कायद्याच्या आडोशानें जगण्याची शक्य तितकी खटपट करतो. कायद्याच्या जुन्या वचनाप्रमाणें मौन हें संमतीचें लक्षण मानावें लागतें. मग माझ्या मौनावरून विरोधाचा अर्थ काढण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला, असा त्याचा बिनतोड मुद्दा आहे. त्याचा जांवई रोपर हा तापट सुधारक. सैतानाला पकडण्यासाठीं देशांतले सारे कायदे तोडून टाकीन असें तो आवेशानें म्हणतो. त्यावर मोर शांतपणें विचारतो कीं, तीं झाडें तोडून झाल्यावर सैतान उलटून तुझ्याच अंगावर आला तर लपावयास कोठें जाशील? सैतानालाहि कायद्याचा लाभ द्यावा लागतो, कारण त्यांतच आपली सुरक्षितता असते. हा प्रसंग दोन मिनिटांचाहि नाहीं. परंतु घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलांनीं त्यावर एक संध्याकाळ वाद घालावा इतकें त्यांत भरलेलें आहे.

स्कोफील्डचा अभिनय म्हणजे न बोलण्याचा अभिनय. त्याचा स्वर खोल व किंचित् खरखरीत आहे, पण तो कोठेंहि चढत नाहीं. समोरचा मनुष्य बोलत असतां ऐकणारा चेहरा कसा असावा हें नटमंडळींनीं त्याच्याकडून शिकावें. याच्या उलट रॉबर्ट शॉ यानें उभा केलेला हेन्री. राजा टेम्स नदींतून नावेनें मोरच्या चेल्सी येथील घरीं येतो आणि किनाऱ्याच्या चिखलांत उडी घेतो. क्षणभर सारे दरबारी स्तब्ध. राजा मोठ्यानें हंसतो, आणि मग सगळे सरदार आपापले भारी पोषाख घेऊन चिखलांत उड्या टाकतात. खुशामत म्हणजे काय हें सांगण्यासाठीं याहून अधिक कशाची जरुरी नाहीं. त्यानंतर राजा मोरच्या मुलीची, मार्गारेटची, लॅटिन भाषेंत परीक्षा घेऊं पाहतो. ती इतकें अस्खलित उत्तर देते कीं राजाचेंच लॅटिन संपतें, आणि तो घाईघाईनें विचारतो, तुला नाचतां येतें काय? प्रेक्षक हंसतात, पण राजाच्या डोळ्यांत त्या हंसण्याखालीं जें चमकून जातें तें पाहून अंगावर कांटा येतो. ऑर्सन वेल्सचा कार्डिनल वुल्सी थोडा वेळच दिसतो. त्या लाल झग्यानें आणि अवाढव्य देहानें ती लहानशी खोली भरून जाते, आणि सत्तेच्या सान्निध्यांत हवा किती कोंदट असते हें न सांगतां कळतें.

घर आणि तत्त्व

परंतु कुटुंबवत्सल वाचकांचें लक्ष आम्ही मुख्यतः एका प्रसंगाकडे वेधूं इच्छितों. बंदिवासांत मोरची पत्नी ॲलिस, मुलगी आणि जांवई त्याला भेटावयास येतात. थोडाच वेळ मिळालेला आहे. तुम्हीं सर्वांनीं देश सोडून निघून जावें, असें तो त्यांना विनवितो. ॲलिसनें त्याच्यासाठीं घरचें गोडधोड आणलें आहे. तो त्याची स्तुति करतो, तिच्या वस्त्राची स्तुति करतो, आणि त्या स्तुतीनेंच ती भडकते. ती लिहितां-वाचतां न येणारी, फटकळ, संसारी बाई आहे. नवऱ्याचें तत्त्वज्ञान तिला कळत नाहीं आणि कळल्याचें सोंगहि तिला आणतां येत नाहीं. तूं गेल्यावर या गोष्टीबद्दल मी तुझा द्वेष करीन अशी मला भीति वाटते, असें ती त्याला स्पष्ट सांगते. सारा चित्रपटभर राजापुढें, क्रॉमवेलपुढें, न्यायाधीशांपुढें न डगमगलेला हा मनुष्य या एका वाक्यानें कोसळतो. मला तुझें समजणें हवें आहे, त्यावांचून मरण सोसवणार नाहीं, अशी त्याची दीनवाणी अवस्था होते. शेवटीं ती त्याला मिठी मारते. तिला कांहीं कळलेलें नसतें. फक्त आपला नवरा चांगला आहे एवढें तिला ठाऊक असतें, आणि तेवढ्यावर ती त्याला जाऊं देते. वेंडी हिलर या नटीनें हा प्रसंग असा केला आहे कीं त्यापुढें न्यायसभेंतील वक्तृत्वहि फिकें वाटावें.

आपल्याकडे १९३० सालीं आणि १९४२ सालीं घरांतला कर्ता पुरुष तुरुंगांत गेला म्हणजे मागें काय होत असे, हें जुन्या घरांतून अजून सांगितलें जातें. भिंतीवर तसबीर त्याची लागते. भाडें थकलें, मुलांच्या फिया राहिल्या, नातलगांनीं जाणें-येणें तोडलें, हा हिशेब ज्या बाईनें निस्तरला तिची तसबीर क्वचितच लागते. बोल्टनें या बाईला स्वतःचें तोंड दिलें, ही या चित्रपटाची खरी थोरवी असें आम्ही समजतों.

येथें इतिहास चित्रपटाहून अधिक बोलका आहे हेंहि सांगितलें पाहिजे. पडद्यावर मोरचें घर म्हणजे नवरा, बायको, एक मुलगी, जांवई आणि नोकरमाणसें. प्रत्यक्षांत चेल्सीचें तें घर चांगलें मोठें एकत्र कुटुंब होतें. तीन मुली, एक मुलगा, जांवई, सून, नातवंडें आणि म्हातारे वडील. होल्बाइन या चित्रकारानें १५२७ च्या सुमारास या कुटुंबाचें रेखाचित्र काढलें, तें आजहि बाझेल शहरांत जपलेलें आहे. ॲलिस ही दुसरेपणाची. मुलें पहिल्या पत्नीचीं, आणि सावत्र आईनें तीं वाढविलीं. मुलींना मुलाच्या बरोबरीनें लॅटिन व ग्रीक शिकविलेलें; मार्गारेटनें इरॅस्मसच्या एका लॅटिन ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर करून छापलें. आणि शपथेच्या बाबतींत घरच्या मंडळींनीं मोरचा मार्ग धरला नाहीं. मार्गारेटनेंहि शपथ घेतली होती. बंदिवानाच्या खाण्यापिण्याचा खर्च त्याच्या घरच्यांनींच द्यावा अशी त्या काळीं रीति होती. मोर व त्याचा नोकर यांच्यासाठीं आठवड्यास पंधरा शिलिंग पडत, आणि ते भागविण्यासाठीं आपल्यास अंगावरचे कपडे विकावे लागले असें ॲलिसनें १५३५ सालीं क्रॉमवेलला लिहिलेल्या पत्रांत म्हटलें आहे. एवढा ऐवज हातीं असतांना लेखकानें तो वापरला नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

याहून गंभीर उणीव दुसरी आहे. चित्रपटांतला मोर हा सर्वांच्या विवेकबुद्धीचा कैवारी वाटतो. इतिहासांतला मोर तसा नव्हता. लॉर्ड चॅन्सेलर असतांना त्यानें नव्या पंथाच्या लोकांचा कसून पिच्छा पुरविला, आणि त्याच्या कारकीर्दींत सहा जणांस पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यांत आलें. स्वतःच्या विवेकासाठीं मरणाऱ्यानें दुसऱ्याच्या विवेकाला तोच मान दिला नाहीं, ही विसंगति चित्रपटानें झांकली आहे. हिलरी मँटेल या कादंबरीकर्त्रीनें २००९ सालच्या 'वुल्फ हॉल'मध्यें नेमकें याच्या उलट केलें. तींत क्रॉमवेल माणुसकीचा आणि मोर कठोर आहे. सत्य बहुधा या दोहोंच्या मध्यें कोठें तरी असावें. मुलांना चित्रपट दाखवावा, आणि त्यानंतर ही दुसरी बाजू अवश्य सांगावी.

रामशास्त्री आणि मोर

मराठी प्रेक्षकास हें सारें पाहतांना रामशास्त्री प्रभुण्यांची आठवण न झाली तरच नवल. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला; राघोबादादांस देहान्तावांचून दुसरें प्रायश्चित्त नाहीं असें शास्त्रीबोवांनीं तोंडावर सांगितलें आणि पुणें सोडलें. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'नें तो प्रसंग रंगभूमीवर गाजविला आणि 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'नें १९४४ सालीं तो पडद्यावर आणला. गजानन जागीरदारांची ती भूमिका जुन्या प्रेक्षकांच्या बोलण्यांतून पुढच्या पिढ्यांपर्यंत पोंचली आहे. शास्त्रीबोवा बोलले आणि जगले, एवढेंच नव्हे तर बारभाईंच्या राज्यांत पुन्हां न्यायासनावर बसले. मोर गप्प राहिला आणि मेला. हा फरक दोघांच्या धैर्यांतला नव्हे. राघोबादादांना शास्त्र बदलतां येत नव्हतें. हेन्रीनें पार्लमेंटकडून कायदाच बदलून घेतला. ज्या राज्यांत कायदा राजाच्या बाहेर उभा असतो तेथें न्यायाधीश बोलूं शकतो. जेथें तो राजाच्या मुठींत जातो तेथें मौनहि अपराध ठरतें.

आणि तें अपराध ठरविण्यासाठीं शेवटीं खोटी साक्षच लागली. रिचर्ड रिच नांवाचा एक हुशार, महत्त्वाकांक्षी तरुण आरंभीं मोरकडे नोकरी मागावयास येतो. मोर त्याला शिक्षक होण्याचा सल्ला देतो, कारण दरबारच्या मोहांपुढें हा टिकणार नाहीं हें त्यानें ओळखलेलें असतें. हाच रिच न्यायसभेंत मोरविरुद्ध शपथेवर खोटें बोलतो, आणि त्याच्या गळ्यांत वेल्स प्रांताच्या अधिकारपदाची नवी साखळी असते. जॉन हर्टनें हा घसरत जाणारा तरुण असा रंगविला आहे कीं त्याचा राग येण्याऐवजीं त्याच्या आईबापांची कींव यावी. क्रॉमवेलचा १५४० मध्यें शिरच्छेद झाला. रिच पुढें स्वतः लॉर्ड चॅन्सेलर झाला आणि आपल्या अंथरुणांत मेला. चित्रपट हें शेवटीं दोन वाक्यांत सांगून थांबतो. सत्याचा अखेर जय होतो असा खोटा दिलासा तो देत नाहीं.

एका दिवसाची सुट्टी

'रोमन हॉलिडे'चा दिग्दर्शक विल्यम वायलर. १९५२ च्या उन्हाळ्यांत रोम शहरांतच याचें चित्रण झालें. हॉलिवुडचा सर्वस्वी इटालींत तयार झालेला हा पहिला चित्रपट मानतात. कथा साधी आहे. कोठल्याशा अनामिक देशाची राजकन्या ॲन युरोपच्या राजधान्यांतून सदिच्छा-दौऱ्यावर निघाली आहे. भाषणें, हस्तांदोलनें, पायाभरण्या, ठरलेलीं उत्तरें. रोमला आल्यावर एके रात्रीं ती अनावर रडूं लागते. डॉक्टर झोपेचें औषध टोंचतो, आणि त्याचा अंमल चढण्यापूर्वीं ती राजवाड्यांतून निसटते. रस्त्याच्या कडेला पेंगत असलेली ही मुलगी ज्यो ब्रॅडली या अमेरिकन बातमीदाराला सांपडते. सकाळीं वर्तमानपत्रांतील छायाचित्रावरून ती कोण हें त्याला कळतें, आणि राजकन्येच्या अंतरंगाची मुलाखत पांच हजार डॉलरांस विकण्याचा सौदा तो संपादकाशीं करतो. मग आपण कोणी साधा मनुष्य आहोंत असें भासवून तो तिला दिवसभर रोम दाखवितो, आणि त्याचा मित्र सिगारेट पेटविण्याच्या लायटरमध्यें दडविलेल्या कॅमेऱ्यानें चोरून छायाचित्रें घेतो.

ॲनची भूमिका करणारी ऑड्री हेपबर्न त्या वेळीं तेवीस वर्षांची होती. तिचें बालपण महायुद्धांत जर्मनांच्या ताब्यांतील हॉलंडमध्यें उपासमारींत गेलेलें. हॉलिवुडच्या चित्रपटांत ही तिची पहिलीच प्रमुख भूमिका, आणि तिला सर्वोत्कृष्ट नटीचें ऑस्कर मिळालें. केंस कापून घेणें, पायऱ्यांवर बसून आइस्क्रीम खाणें, स्कूटर बेफाम हांकून पोलिस चौकींत जाणें, अशा क्षुल्लक गोष्टींत तिनें एक असा ताजा आनंद ओतला आहे कीं त्या गोष्टी आपणहि पहिल्यांदाच करीत आहोंत असें वाटतें. खोटें बोलणाऱ्याचा हात चावतें अशी आख्यायिका असलेल्या एका दगडी मुखांत हात घालण्याचा प्रसंग आहे. ज्यो आपला हात बाहींत दडवून तो तुटल्याचें सोंग करतो. तिची किंकाळी खरीखुरी होती, कारण ग्रेगरी पेकनें ही खोडी तिला आधीं सांगितलेली नव्हती. विनोदाच्या पोटांत कथेचा गाभा कसा ठेवावा याचें हें उत्तम उदाहरण. त्या दिवशीं तीं दोघेंहि एकमेकांशीं खोटें बोलत असतात.

रात्रीं टायबर नदीवरील नृत्याच्या वेळीं मारामारी होते, दोघें नदींत उड्या टाकतात, आणि भिजल्या कपड्यांनिशीं उभीं असतांना त्यांना कळतें कीं खेळ संपला. ती राजवाड्यांत परत जाते. अधिकारी मंडळी तिला कर्तव्याचा उपदेश करूं लागतात, तेव्हां ती शांतपणें सुनावते कीं, कर्तव्याची जाणीव नसती तर मी आज आलेंच नसतें, केव्हांहि आलें नसतें. रोजचा दुधाचा पेला ती परत पाठविते. काल रडणारी मुलगी आणि आज बोलणारी स्त्री यांमध्यें चोवीस तासच गेलेले असतात, पण त्या तासांचें मोल डोळ्यांस दिसतें.

शेवटचा प्रसंग वार्ताहरांच्या सभेचा. बातमीदारांच्या रांगेंत ज्योला उभा पाहून तिला सारें कळतें. तो मोघम शब्दांत तिला विश्वास देतो. त्याचा मित्र रोमच्या भेटीची आठवण म्हणून सारीं छायाचित्रें तिच्याच हातांत ठेवतो. पांच हजार डॉलर गेले. आपल्याला कोणतें शहर सर्वांत आवडलें या प्रश्नाला ती पढविलेलें उत्तर देऊं लागते, अडखळते, आणि रोम म्हणून सांगते. एवढेंच. मग त्या रिकाम्या दालनांतून एकटा चालत जाणारा ज्यो आपण कितीतरी वेळ पाहत राहतों. ती धांवत परत येईल असें वाटत राहतें, आणि ती येत नाहीं. प्रेमाच्या विनोदी चित्रपटानें लग्नाशिवाय संपण्याचें धैर्य दाखविलें, म्हणूनच तो इतकीं वर्षें टिकला.

दोष आहेत. गुप्त पोलिसांशीं होणारी मारामारी लांबलेली आणि पोरकट आहे. इटालियन माणसें बहुतेक गंमतीपुरतीं येतात. महायुद्ध संपून सातच वर्षें झालेल्या रोमची दैना या चित्रपटांत नांवालाहि दिसत नाहीं; त्यासाठीं डी सिका या दिग्दर्शकाचा १९४८ चा 'बायसिकल थीव्ह्ज' पाहावा, त्याच शहरांत एक मजूर आपल्या चोरलेल्या सायकलीसाठीं वणवण फिरतो. वाट चुकलेल्या तरुण मुलीस परक्या पुरुषाच्या खोलींत रात्र काढावी लागते, यावर कांहीं वडीलधारे भुंवया चढवतील. तो भाग इतक्या निर्मळपणें हाताळला आहे कीं आक्षेपास जागा राहत नाहीं.

लेखकांचें काय झालें

या दोन चित्रपटांच्या लेखकांची हकीकतहि वाचकांनीं ऐकण्यासारखी आहे. 'रोमन हॉलिडे'च्या मूळ कथेचें ऑस्कर इअन मॅक्लेलन हंटर यास मिळालें. प्रत्यक्षांत ती कथा डाल्टन ट्रम्बोची होती. १९४७ सालीं वॉशिंग्टनच्या चौकशी-समितीनें, तुम्ही कम्युनिस्ट आहांत काय, असा प्रश्न केला असतां त्यानें राज्यघटनेच्या आधारें उत्तर देण्याचें नाकारलें. त्याबद्दल १९५० मध्यें त्याला तुरुंगांत जावें लागलें, आणि त्याच्या नांवानें लिखाण घेण्यास कोणतीहि चित्रसंस्था तयार होईना. म्हणून मित्राचें नांव. ट्रम्बो १९७६ मध्यें वारला. त्याचें ऑस्कर त्याच्या विधवेस १९९३ मध्यें देण्यांत आलें, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलींत त्याचें नांव २०११ मध्यें परत लागलें. मौनाचें मोल चुकविणारा मोर सोळाव्या शतकांतच होऊन गेला असें नव्हे.

रॉबर्ट बोल्टची गोष्ट याच्या नेमकी उलट. १९६१ मध्यें अण्वस्त्रांविरुद्धच्या निदर्शनाबद्दल त्याला एक महिन्याची कैद झाली. शांतता पाळण्याच्या लेखी हमीवर सही केल्यास सुटका होती; त्यानें नकार दिला. परंतु 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ची पटकथा त्याच्यावांचून अडली होती, शेंकडों माणसांचें काम थांबलें होतें. निर्मात्यानें गळ घातली आणि बोल्टनें सही केली. सही न करणाऱ्या मनुष्याचें नाटक लिहिणाऱ्यास सही करावी लागली, आणि ती सल त्याच्या मनांत पुढें कायम राहिली. त्याला हंसण्याचा अधिकार आपल्यांतल्या फार थोड्यांस असेल. त्यानें सही केल्यावर पांच वर्षांनीं मोर पडद्यावर आला. त्यांतील रोपर, नॉरफोक, ॲलिस अशा सही करणाऱ्या वा करावयास सांगणाऱ्या साध्या माणसांबद्दल कोठेंहि तुच्छता नाहीं, हें आम्हांस म्हणूनच अर्थपूर्ण वाटतें.

आतां एकत्र कुटुंबांतील वाचकांस दोन शब्द. आपल्या घरांतून कर्तव्य हा शब्द फार वेळां उच्चारला जातो, आणि बहुधा तो दुसऱ्याला उद्देशून असतो. सुनेचें कर्तव्य, धाकट्या भावाचें कर्तव्य, शिकत्या मुलीचें कर्तव्य. हे दोन चित्रपट एक गोष्ट निर्विवाद दाखवितात कीं, कर्तव्याला तेज येतें तें तें आपलेंसें करून स्वीकारल्यानें. ॲन परत आली तिला कोणी पकडून आणली म्हणून नव्हे. पकडावयास आलेल्यांना तर तिनें नदींत उडी टाकून चुकविलें होतें. ती आपल्या पायांनीं आली, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशीं तिच्या शब्दाला वजन आलें. मोरनें आपलें मरण पत्करलें, पण तेंच मत घरच्यांनीं घ्यावें असा हट्ट त्यानें धरला नाहीं. लेकीनें शपथ घेतली म्हणून तिच्यावरची माया आटली नाहीं. ज्या घराचें दार आंतून उघडतां येतें, त्याच घरांत परत येण्याला कांहीं अर्थ असतो. हें वडील मंडळींनीं ध्यानांत घ्यावें. आणि आपल्या तत्त्वाचा हप्ता घरांतलें दुसरें कोण भरीत आहे याची चौकशी तरुणांनींहि करावी.

पाहण्याचा क्रम आम्ही असा सुचवितों. आधीं 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' पाहावा. बारा वर्षांखालील मुलांना तो जड जाईल, त्यांना शेवटचा भाग न दाखविणेंच बरें. 'रोमन हॉलिडे' मागाहून सर्वांनीं मिळून पाहावा, आणि तो संपल्यावर लगेच दिवा लावूं नये. त्या रिकाम्या दालनांत घरांतील प्रत्येकाला कोणाची तरी आठवण होत असते.